शंकेला जागा ठेवणारे करार

२२ मार्च १९८५ रोजी व्हिएन्नात ओझोनच्या थराचं रक्षण करण्याविषयीच्या करारावर सह्या झाल्या. त्याला दोन महिने व्हायच्या आत, १६ मेच्या ‘नेचर’च्या अंकात जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन या तीन ब्रिटिश संशोधकांचा एक छोटा लेख आला. अंटार्क्टिकातल्या हॅली केंद्रावर वर्षानुवर्षं आकाशातला ओझोन मोजला जात होता. तिथला ऑक्टोबर महिन्याचा सरासरी आकडा पूर्वी तीनशेच्या घरात असायचा, तो आता दोनशेच्या खाली आला आहे, असं त्या लेखात होतं. पुढे सगळं जग ज्याला ‘ओझोनचं छिद्र’ म्हणू लागलं, ते लोकांसमोर आलं ते या लेखातून.

करार आधी झाला आणि प्रत्यक्ष पुरावा मागाहून आला. कायद्याच्या कुठल्याही विद्यार्थ्याला हा क्रम उलटा वाटेल. विज्ञानातले नवे निष्कर्ष आणि आंतरराष्ट्रीय कायदा यांचं नातं या पुस्तकाचा विषय आहे, आणि त्या विषयात शिरायला या उलट्या क्रमाइतकी चांगली जागा मला दुसरी दिसत नाही.

व्हिएन्नात जमलेल्या प्रतिनिधींच्या हातात काय होतं? एक रासायनिक अनुमान. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात काम करणाऱ्या मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी ते मांडलं होतं. फ्रिज, एसी, फवाऱ्याचे डबे, फोम या सगळ्यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजेच सीएफसी, विषारी नाहीत, पेट घेत नाहीत, कशाशी लवकर संयोग पावत नाहीत. कारखानदारांच्या दृष्टीने हाच त्यांचा मोठा गुण. पण कशानेच नष्ट होत नाहीत म्हणूनच ते हळूहळू स्थितांबरापर्यंत चढतात, तिथल्या तीव्र अतिनील किरणांत फुटतात, आणि त्यातून सुटलेला क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडत जातो. प्रयोगशाळेतलं रसायनशास्त्र पक्कं होतं, गणितही सुसंगत होतं. पण प्रत्यक्ष आकाशातला ओझोन या कारणाने घटलेला १९८५ च्या मार्चपर्यंत कुणी निर्विवाद दाखवला नव्हता. उद्योगांचं म्हणणं सरळ होतं: आधी सिद्ध करा, मग बंदीचं बोला.

असं म्हणायला कायद्यात आधारही होता. देशादेशांतल्या प्रदूषणाचा पायाभूत निवाडा म्हणून जो आजही शिकवला जातो, तो ट्रेल इथल्या धातू गाळण्याच्या कारखान्याचा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात शिसं आणि जस्त गाळणाऱ्या भट्ट्यांचा गंधकयुक्त धूर कोलंबिया नदीच्या खोऱ्यातून खाली उतरून अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या शेतांवर पसरत असे. दोन्ही देशांनी नेमलेल्या लवादाने १९३८ आणि १९४१ मध्ये निर्णय दिले. दुसऱ्याच्या भूमीची हानी होईल अशा रीतीने आपली भूमी वापरण्याचा हक्क कुठल्याही राष्ट्राला नाही, हे तत्त्व तिथून आलं. त्याला एक अट मात्र जोडलेली होती. हानी गंभीर हवी आणि ती स्पष्ट, खात्रीलायक पुराव्याने शाबीत झालेली हवी. या निवाड्याचा दुसरा भाग फारसा वाचला जात नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं. लवादाच्या मदतीला दोन शास्त्रज्ञ होते, आणि वाऱ्याची दिशा, वेग, हवेतलं सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण यांच्या नोंदी ठेवून त्यानुसार कारखान्याने धूर किती सोडायचा, याची पद्धतच लवादाने घालून दिली. म्हणजे न्यायाच्या आसनावरून वेधशाळा चालवायला सांगितलं गेलं होतं.

तरीही ट्रेलचा नमुना ओझोनला पुरणारा नव्हता. तिथे धुराडं एका ठिकाणचं, शेतं ठरावीक खोऱ्यातली, आणि पीक करपलेलं डोळ्यांना दिसत होतं. सीएफसी मुंबईतल्या फ्रिजमधून सुटला काय आणि शिकागोतल्या सुटला काय, वर जाऊन तो एकच होतो. त्याचा परिणाम भलत्याच ठिकाणी आणि दशकांनंतर दिसतो. हानी शाबीत होईपर्यंत थांबायचं ठरवलं, तर तोवर हवेत गेलेला वायू पुढची पन्नास-शंभर वर्षं काम करत राहणार. त्यामुळे व्हिएन्ना कराराने पुराव्याची पायरी खाली आणली. ज्या मानवी कृतींनी ओझोनचा थर बदलतो किंवा बदलण्याचा संभव आहे, त्यांच्या दुष्परिणामांपासून माणसाचं आरोग्य आणि पर्यावरण जपायचं, असं कर्तव्य त्यात घातलं. ‘संभव आहे’ हे शब्द करारात बसवून घेणं सोपं गेलेलं नाही.

बाकी करार अगदी सौम्य होता. एका किलोचीही कपात त्याने कुणावर लादली नाही. संशोधन करा, सातत्याने मोजत राहा, माहिती एकमेकांना द्या, पुढे गरज पडली तर कडक नियमांसाठी पुन्हा बसा, एवढंच. अनेकांनी त्याला तेव्हा दात नसलेला म्हटलं. माझं मत वेगळं आहे. जे कळलेलं नाही ते कळून घेण्याची जबाबदारी या कराराने राष्ट्रांवर टाकली, आणि मोजमापाला कायदेशीर कर्तव्याचा दर्जा दिला. त्यापुढचं सगळं त्या पायावर उभं राहिलं.

मोजमाप म्हणजे काय, हे जरा जवळून पाहायला हवं, कारण कायद्याच्या पुस्तकांत ते सापडत नाही. ओझोन मोजायचं जुनं, विश्वासू यंत्र म्हणजे डॉब्सनचा वर्णपटमापक. सूर्याच्या अतिनील प्रकाशातल्या दोन जवळजवळच्या तरंगलांबी ते निवडतं. त्यांतली एक ओझोन जास्त शोषतो, दुसरी कमी. जमिनीपर्यंत पोचलेल्या त्या दोन प्रकाशांच्या गुणोत्तरावरून मधल्या हवेत ओझोन किती आहे, ते निघतं. तीनशे डॉब्सन एकक म्हणजे डोक्यावरचा सगळा ओझोन समुद्रसपाटीच्या दाबाला आणि शून्य अंश सेल्सिअस तापमानाला आणला, तर त्याचा फक्त तीन मिलिमीटर जाडीचा थर होईल. आपलं अतिनील किरणांपासूनचं कवच एवढंच आहे. हॅलीवर हे काम आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या सुमारास, १९५६-५७ मध्ये सुरू झालं. छिद्र शोधणं हा तेव्हा हेतूच नव्हता. शँकलिन सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेत नोकरीला लागले तेव्हा साठलेल्या हस्तलिखित नोंदी संगणकात भरण्याचं कंटाळवाणं काम त्यांच्याकडे आलं. त्या भरताना घसरण दिसू लागली. अमेरिकी उपग्रहालाही कमी आकडे दिसत होते. पण ते इतके कमी होते, की संशयास्पद म्हणून बाजूला काढले जात होते. एकाच जागी, एकाच पद्धतीने, कुठल्याही तातडीच्या लाभाशिवाय तीस वर्षं घेतलेल्या नोंदींनी हा प्रश्न निकालात काढला. अशा नोंदींना पैसे देताना कुठल्याही सरकारचा हात आखडतो, आणि पुढे कराराच्या टेबलावर उपयोगी पडतात त्या याच.

आता माँट्रियल. १९८६-८७ मधल्या वाटाघाटींच्या वेळी छिद्र सगळ्यांना माहीत होतं, पण त्याचं कारण ठरलेलं नव्हतं. ध्रुवीय वाऱ्यांच्या बदलामुळे तसं होत असावं, असं म्हणणारे शास्त्रज्ञही होते आणि ते काही कुणाचे हस्तक नव्हते. १९८६ मध्ये सुझन सॉलोमन यांच्या नेतृत्वाखाली एक तुकडी अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो तळावर गेली आणि क्लोरीनच्या रसायनाकडे बोट दाखवणारी निरीक्षणं घेऊन आली. पण वाटाघाटी करणाऱ्यांनी जाणूनबुजून असं ठरवलं, की ज्याचं कारण अजून वादात आहे त्या छिद्रावर करार टेकवायचा नाही. उलगडा उलटा निघाला तर सगळा डोलारा खाली यायचा. म्हणून १६ सप्टेंबर १९८७ च्या माँट्रियल करारात सीएफसीची १९९८ पर्यंत निम्मी कपात, हॅलॉन या ओझोनला मारक रसायनांचं उत्पादन गोठवणं, अशी मध्यम पावलं आली. गंमत नव्हे, इतिहासाने जुळवून आणलेली गोष्ट अशी, की त्याच १६ सप्टेंबरला चिलीतल्या पुंता अरेनासहून निघालेलं संशोधन विमान अंटार्क्टिकाच्या दिशेने स्थितांबरात उडत होतं. जेम्स अँडरसन यांच्या उपकरणाने त्या उड्डाणात क्लोरीन मोनॉक्साइड आणि ओझोन यांचे जे आलेख नोंदवले, त्यांत एक जिथे वर उसळतो तिथे दुसरा खाली कोसळतो, अगदी बारीकसारीक चढउतारांसह. वाद तिथे संपत आला. पण सह्या झालेल्या करारातले आकडे तर जुन्या ज्ञानावर बेतलेले होते.

इथे माँट्रियल कराराची खरी कारागिरी दिसते. त्याचं सहावं कलम म्हणतं, की १९९० पासून सुरू करून निदान दर चार वर्षांनी उपलब्ध वैज्ञानिक, पर्यावरणीय, तांत्रिक आणि आर्थिक माहितीच्या आधारे नियंत्रणांचा फेरआढावा घ्यायचा, आणि त्याआधी तज्ज्ञांची मंडळं नेमून त्यांचा अहवाल घ्यायचा. दुसऱ्या कलमातल्या नवव्या परिच्छेदात त्याहून धाडसी तरतूद आहे. यादीत आधीच असलेल्या रसायनांची कपात वाढवायची असेल, तर सदस्य राष्ट्रांनी एकमताने आणि ते शक्यच नसेल तर दोन तृतीयांश मतांनी ठरवावं, आणि तो निर्णय सगळ्यांना बांधील राहील. विरोधात मत दिलेल्यांनाही. नव्याने संसदेत नेऊन मंजुरी घ्यायची गरज नाही. कळवल्यापासून सहा महिन्यांत तो लागू. आंतरराष्ट्रीय कायद्याचा पाया संमतीचा. आपण मान्य केलं नाही ते आपल्याला बांधत नाही, हे सार्वभौम राष्ट्राचं पहिलं वाक्य. त्या वाक्याला इथे मुरड घातली गेली, आणि ती राष्ट्रांनी आपण होऊन घातली, कारण उद्याचा निष्कर्ष काय असेल ते आज कुणालाच ठाऊक नाही, एवढ्यावर त्यांचं एकमत होतं. नवी रसायनं यादीत घालायची तर मात्र नेहमीची दुरुस्ती आणि प्रत्येक देशाची मंजुरी लागते. ही दोन दारं वेगळी ठेवण्यात फार शहाणपण होतं. १९९० मध्ये लंडनला, १९९२ मध्ये कोपनहेगनला आणि त्यानंतरही त्या दारांतून नवं ज्ञान आत आलं. निम्म्या कपातीचा करार पूर्ण बंदीचा झाला.

भारताची बाजू या कथेत बरेचदा एका ओळीत आटोपली जाते. ते बरोबर नाही. दरडोई वार्षिक वापर ०.३ किलोपेक्षा कमी असलेल्या विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत माँट्रियल करारात होती. पण सवलत म्हणजे उशीर. पर्यायी तंत्रज्ञान कुठून आणायचं आणि त्याचे पैसे कोण देणार, यावर करार जवळजवळ गप्प होता. भारत आणि चीन बाहेर राहिले. थर आम्ही फाडला नाही, आमच्या घरांत तर फ्रिज आत्ता कुठे येतोय, हे भारताचं म्हणणं आकड्यांनी सिद्ध होत होतं. १९९० च्या लंडन परिषदेत मनेका गांधी पर्यावरणमंत्री म्हणून हीच बाजू घेऊन गेल्या होत्या. तिथे बहुपक्षीय निधी उभा राहिला, आणि मतदानाचा नियमही बदलला. दोन तृतीयांशांच्या आत विकसित आणि विकसनशील अशा दोन्ही गटांचं स्वतंत्र बहुमत लागेल, असं ठरलं. भारत १९९२ मध्ये सदस्य झाला. विज्ञान एकच असलं, तरी त्यावरून कुणी काय करायचं हे विज्ञान सांगत नाही. ते वाटाघाटीतच ठरतं आणि ठरायलाही हवं. लंडनमध्ये भारताने विज्ञान नाकारलं नाही, वाटणी नाकारली. हा फरक पुढे हवामानबदलाच्या चर्चेत वारंवार पुसला गेला, म्हणून तो इथे ठळक करून ठेवतो.

२००८ च्या ऑगस्टपासून भारताने सीएफसीचं उत्पादन बंद केलं. दम्याच्या पंपांत भरायच्या वायूपुरती तेवढी सवलत काही काळ उरली. एसीत गॅस भरायला येणाऱ्या मेकॅनिकच्या सिलिंडरवर पूर्वी आर-२२ असायचं, आता बहुधा आर-३२ किंवा आर-४१०ए असतं. घरच्या माणसाला त्या आकड्यांचं काही देणंघेणं नसतं, पण या कराराच्या बैठकांमधून पोचलेले ते आकडे आहेत. आर-२२ ओझोनला थोडा का होईना हानिकारक, म्हणून तो चालला. त्याच्या जागी आलेले वायू ओझोनला निर्दोष, पण तापमान वाढवण्यात जबरदस्त. हेही नवं ज्ञान, आणि त्यालाही याच करारात जागा मिळाली. ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीत या वायूंच्या कपातीची दुरुस्ती मंजूर झाली. भारत ज्या गटात आहे त्याने २०२८ मध्ये वापर गोठवायचा आणि २०४७ पर्यंत तो ८५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे.

मोजणाऱ्यांकडे पुन्हा वळतो, कारण या पुस्तकाच्या वाचकाने एक गोष्ट मनावर घ्यावी असं मला तळमळीने वाटतं. करारात आवाज कुणाचा चालतो, हे बऱ्याच अंशी नोंदी कुणाकडे आहेत यावर ठरतं. ओझोनच्या बाबतीत आपण रिकाम्या हाताने गेलेलो नव्हतो. के. आर. रामनाथन यांनी आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचं अध्यक्षपद भूषवलं होतं. अ‍ॅना मणी यांनी आपल्याकडे हवामानाची उपकरणं बनवण्याची परंपरा उभी केली, ती पुण्यातल्या हवामान खात्याच्या कार्यशाळेत. पुणेकर ज्याला आजही सिमला ऑफिस म्हणतात, तिथे. भारतीय ओझोनसाँड त्यांच्याच प्रयत्नांतून तयार झाला. फुग्याला बांधलेली एक छोटी पेटी असते. तिच्यात पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण भरलेलं. वर जाताना बाहेरची हवा त्यातून ओढली जाते, तिच्यातल्या ओझोनमुळे अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तो रेडिओवरून खाली कळवला जातो. पुणे, दिल्ली, तिरुवनंतपुरम इथून असे फुगे सोडले गेले. शिवाजीनगरच्या चौकातून जाता-येता त्या दगडी इमारतीकडे पाहणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

मोजमापाने कायदा नुसता घडतो असं नाही, पाळलाही जातो. सीएफसी-११ चं उत्पादन २०१० पासून जगभर बंद. २०१८ मध्ये स्टीफन माँट्झ्का आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हवेतलं त्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा फारच सावकाश घटतंय, म्हणजे २०१२ नंतर कुठेतरी नव्याने उत्सर्जन होतंय. कुठल्याही देशाने अर्थातच ते कळवलं नव्हतं. वर्षभरात दक्षिण कोरियातल्या गोसान आणि जपानमधल्या हातेरुमा बेटावरच्या केंद्रांच्या नोंदी वाऱ्याच्या दिशेशी ताडून संशोधकांनी मोठा वाटा पूर्व चीनमधल्या शानडोंग आणि हेबेई प्रांतांकडे नेऊन दाखवला. चीनने तपासण्या वाढवल्या आणि उत्सर्जन खाली आलं. करारातर्फे कुणी निरीक्षक कारखान्यात गेला नाही, एका देशाने दुसऱ्यावर खटला भरला नाही. हवेने साक्ष दिली. पण त्या साक्षीला एक मर्यादा आहे. गोसान आणि हातेरुमाच्या टापूत पूर्व आशिया येतो. भारतीय उपखंड, आफ्रिका, दक्षिण अमेरिका यांच्या मोठ्या भागावर अशा मोजणीची जाळी विरळ आहे. तिथे कुणी नियम मोडला तर कळणार कसं, आणि तिथल्या एखाद्या देशावर खोटा आळ आला तर तो स्वतःच्या नोंदींनी खोडून काढणार कसा?

ओझोनची कथा यशाची. २०२२ च्या वैज्ञानिक आढाव्यानुसार अंटार्क्टिकावरचा थर साधारण २०६६ पर्यंत १९८० च्या पातळीला येईल. पण एवढ्यावरून सगळे करार असेच चालतात असं समजणं घातक ठरेल. समुद्राच्या कायद्यात नवं ज्ञान दारातच अडकलं, आणि त्या कथेचं एक टोक गोव्यात आहे.

खोल समुद्राच्या तळावर मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असलेले बटाट्याएवढे गोळे पडलेले असतात. लाखो वर्षांत ते काही मिलिमीटर वाढतात. १९७० च्या दशकात सगळ्या जगाचं लक्ष या गोळ्यांवर होतं. २६ जानेवारी १९८१ रोजी दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ या जहाजाने हिंदी महासागराच्या तळातून असे गोळे वर काढले, आणि १९८७ मध्ये भारत या क्षेत्रातला पहिला नोंदणीकृत अग्रणी गुंतवणूकदार ठरला. १९८२ चा समुद्रकायदा करार लिहिला गेला तो हे गोळे डोळ्यांसमोर ठेवून. कुठल्याही देशाच्या हद्दीपलीकडचा समुद्रतळ ही मानवजातीची सामायिक ठेव आहे, असं त्याने सांगितलं. पण तिथली ‘संसाधनं’ म्हणजे खनिजं, अशी व्याख्याही केली. १९७७ मध्येच ‘अल्विन’ या पाणबुडीतून गॅलापागोसजवळ उष्ण पाण्याचे झरे आणि त्यांच्याभोवती सूर्यप्रकाशाशिवाय जगणारी जीवसृष्टी दिसली होती. वाटाघाटी अजून पाच वर्षं चालायच्या होत्या. तरी त्या जिवांना, त्यांच्या जनुकांना करारात जागा मिळाली नाही. तळ सामायिक, गोळा सामायिक, आणि शेजारचा जीवाणू ज्याला सापडेल त्याचा, अशी विचित्र स्थिती निर्माण झाली. ती दुरुस्त करायला नवा करार लागला. तो २०२३ मध्ये मंजूर होऊन जानेवारी २०२६ मध्ये अमलात आला. शोधापासून कायद्यापर्यंत जवळपास पन्नास वर्षं. समुद्रकायद्याच्या करारात माँट्रियलसारखी ठरावीक मुदतीने विज्ञानाला बोलावून घेणारी तरतूद असती, तर इतकी वर्षं लागली नसती, असं माझं ठाम मत आहे.

न्यायालयांचा भाग वेगळ्या स्वभावाचा आहे. न्यायाधीश शास्त्रज्ञ नसतात आणि दोन्ही पक्ष आपापले शास्त्रज्ञ आणतात. अर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्यातल्या कागदगिरण्यांच्या खटल्यात, २०१० मध्ये, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पुराव्याचा ढीग स्वतःच चाळला. दोन न्यायाधीशांनी भिन्नमतात बजावलं, की स्वतंत्र तज्ज्ञ न नेमता असं करणं न्यायालयाला शोभत नाही. चार वर्षांनी देवमाशांच्या खटल्यात न्यायालय सावरलेलं दिसतं. जपान दक्षिण महासागरात ‘वैज्ञानिक संशोधनासाठी’ म्हणून देवमासे मारत होता. कार्यक्रमानुसार दरवर्षी साडेआठशेच्या आसपास मिंकी जातीचे, शिवाय पन्नास-पन्नास फिन आणि हम्पबॅक. ऑस्ट्रेलियाने दावा लावला. विज्ञान म्हणजे काय, याची व्याख्या करण्याच्या फंदात न्यायालय पडलं नाही. त्याने विचारलं ते असं: तुमचे घोषित हेतू पाहता इतके प्राणी मारणं सयुक्तिक आहे का? हा आकडा कसा काढला? न मारता काम होईल का, याचा विचार केला होता का? समाधानकारक उत्तरं मिळाली नाहीत आणि ३१ मार्च २०१४ रोजी बारा विरुद्ध चार मतांनी निकाल जपानच्या विरोधात गेला. बहुमतात न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते, जे पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. कायद्याने विज्ञानाला कसं प्रश्न विचारावेत, याचा इतका स्वच्छ धडा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

२३ जुलै २०२५ रोजी त्याच न्यायालयाने हवामानबदलावर सल्लागार मत दिलं, तेव्हा वैज्ञानिक बाजू जवळपास निर्विवाद झालेली होती. सुनावणीआधी न्यायाधीश आयपीसीसी, म्हणजे हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या, शास्त्रज्ञांना भेटले होते, आणि त्या संस्थेचे अहवाल हे उपलब्ध सर्वोत्तम विज्ञान आहे, हे सुनावणीतल्या सहभागींनी मान्य केलं होतं. या मताची मागणी प्रथम पुढे आली ती पॅसिफिकमधल्या विद्यार्थ्यांकडून. वानुआतू या छोट्या बेटराष्ट्राने ती उचलून धरली. या मतावर पुस्तकात सविस्तर लिहिलेलं आहे, म्हणून इथे थांबतो.

उरतो तो प्रश्न ज्यावर आज कुठलाच पुरेसा करार नाही. तापमानवाढ रोखण्यासाठी स्थितांबरात गंधकाचे सूक्ष्म कण सोडून सूर्यप्रकाश थोडा परतवावा, अशी कल्पना आता परिसंवादांतून बाहेर पडून प्रत्यक्ष प्रस्तावांपर्यंत आली आहे. ओझोन कराराच्या २०२२ च्या आढाव्यात तिच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे, कारण हे कण ओझोनवरही परिणाम करतात. १९७६ चा पर्यावरणात मुद्दाम बदल घडवण्याच्या तंत्रांविषयीचा करार शत्रुत्वाने केलेल्या वापरापुरता. २०२४ च्या सुरुवातीला नैरोबीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत स्वित्झर्लंडने या विषयावर तज्ज्ञांचा गट नेमण्याचा ठराव आणला होता. एकमत न झाल्याने तो मागे घेतला गेला. नैर्ऋत्य मोसमी पावसाचं काय होईल, यावर वेगवेगळी संगणकीय प्रारूपं वेगवेगळं सांगतात. कण कुठल्या गोलार्धात आणि किती सोडले यावरही उत्तर बदलतं. एखाद्या देशाने किंवा कंपनीने हे एकतर्फी सुरू केलं आणि पुढच्या वर्षी मराठवाड्यात पाऊस पडला नाही, तर तो दुष्काळ त्या कणांमुळे की एरवीही पडलाच असता, हे कोण आणि कशाच्या आधारावर ठरवणार? त्यासाठी आधीची स्थिती कशी होती, हे मान्य झालेलं असावं लागतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने देशाच्या पावसाची १८७१ पासूनची मालिका तयार करून ठेवलेली आहे. असा करार लिहायला राष्ट्रं बसतील तेव्हा तुलनेचा पाया म्हणून ती मालिका मान्य करून घेण्याचं काम आपल्या वकिलांना करावं लागेल. त्यासाठी तिच्यात पर्जन्यमापकं कोणती होती, कुठल्या जिल्ह्यांच्या नोंदी जुन्या आणि कुठल्या मागाहून जोडल्या, हे त्यांनी त्या संस्थेत जाऊन आत्ताच समजून घ्यायला हवं.